खेळाडू रेषेबाहेर, चेंडू जाळ्यात: गोल द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा क्रम

फुटबॉलमध्ये गोल झाला की दोन्ही बाकांवरून एकाच वेळी ओरडा सुरू होतो. एक बाजू म्हणते, "तो मैदानाबाहेरून आला, गोल कसा देता?" दुसरी म्हणते, "आमचा माणूस बाहेर पडला होता, त्याला ऑफसाइडसाठी मोजलात कसे?" (ऑफसाइड म्हणजे साथीदाराने चेंडू खेळला त्या क्षणी चेंडूपेक्षा आणि शेवटून दुसऱ्या विरोधकापेक्षा विरोधकांच्या गोलजवळ असलेल्या आक्रमकाने खेळात भाग घेणं.) दोघेही माणूस कुठे होता यावरच भांडत असतात. खरं तर तो बाहेर का गेला आणि परत यायला त्याला रेफ्रीची परवानगी लागत होती का, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

हा लेख नव्या रेफ्रींसाठी, शाळा-क्लबच्या प्रशिक्षकांसाठी आणि कर्णधारांसाठी आहे. यातले नियम अवघड नाहीत. चूक होते ती प्रश्न उलट्या क्रमाने विचारल्यामुळे, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने वापरा.

## सामन्याआधीची तयारी

नियमपुस्तिकेची चालू आवृत्ती हाताशी ठेवा. इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाचे बदल साधारणपणे १ जुलैपासून लागू होतात, आणि या विषयावरची कलमं गेल्या काही वर्षांत बदलली आहेत. दहा वर्षांपूर्वी पाठ केलेलं उत्तर आज चुकीचं ठरू शकतं. स्पर्धेचे स्वतःचे नियमही वाचा. किती बदली खेळाडू चालतात, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा खेळू शकतो का, हे तिथे लिहिलेलं असतं. मुलांच्या, ज्येष्ठांच्या किंवा तळागाळातल्या स्पर्धांमध्ये अशी परतीची मुभा देता येते.

मग असिस्टंट रेफ्रींशी दोन मिनिटं बोला आणि तीन गोष्टी ठरवून घ्या:

- उपचारासाठी बाहेर गेलेल्या खेळाडूवर नजर कोण ठेवणार.
- त्याचे बूट, जर्सी, रक्त कोण तपासणार.
- परत यायची खूण कोण करणार. याचं उत्तर एकच आहे: रेफ्री.

शेवटची गोष्ट ठणकावून सांगा. सुरुवातीच्या काळातल्या एका सामन्यात मी ती सांगितली नव्हती. गुडघ्याचं रक्त पुसून तयार झालेल्या खेळाडूला माझ्या सहकाऱ्याने भल्या मनाने "जा" म्हटलं, तो आत आला आणि तिसऱ्याच स्पर्शाला त्याने गोल मारला. पुढची पाच मिनिटं काय ऐकावं लागलं ते सोडा. तपासणी दुसरा कोणीही अधिकारी करू शकतो, पण आत घेण्याची परवानगी रेफ्रीच देतो.

तपासा: खिशातल्या कार्डावर "बाहेर" असा एक रकाना आखा. परवानगीने कोणी बाहेर गेलं की त्याचा नंबर लिहा, परत आलं की खोडा. आठवणीवर विसंबू नका.

## टप्पा १: आधी चेंडू पाहा

खेळाडूचे पाय बाहेर असले म्हणून चेंडू बाहेर जात नाही. जमिनीवर असो वा हवेत, पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच तो बाहेर. रेषा मैदानाचाच भाग असते. म्हणून दोन्ही पाय टचलाइनच्या (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेच्या) बाहेर ठेवून आतला चेंडू खेळणं अगदी कायदेशीर आहे.

चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. त्यामुळे चेंडू जिथे जमिनीला टेकलाय ती जागा रेषेच्या पलीकडे १० सेंटिमीटर असली, तरी वरून पाहिलं तर त्याचा फुगलेला भाग अजून रेषेवर असतो. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने गोललाइनवरून (गोल असलेल्या टोकाच्या रेषेवरून) मागे ढकललेला चेंडू बाजूने पाहणाऱ्यांना साफ बाहेर गेलेला वाटत होता. व्हिडिओ तपासणीनंतर तनाकाचा तो गोल कायम राहिला आणि जपान २–१ असा जिंकला.

गोलसाठीही हेच माप लावायचं. चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीखालून पूर्ण पलीकडे गेला पाहिजे, आणि गोल करणाऱ्या संघाने त्याआधी काही गुन्हा केलेला नसावा.

सावधान: चेंडू पूर्ण आत जाण्याआधी गोलची शिट्टी मारलीत तर तो गोल देता येत नाही, खेळ ड्रॉप बॉलने (रेफ्रीने चेंडू जमिनीवर टाकून) सुरू करावा लागतो. घाईने मारलेल्या शिट्टीवर दुसरा इलाज नाही.

## टप्पा २: तो बाहेर का गेला, ते ठरवा

सगळा लेख विसरलात तरी हा टप्पा विसरू नका. बाहेर गेलेला खेळाडू चारपैकी एका गटात बसतो.

पहिला गट, खेळाच्या ओघात गेलेला. बचावपटूला वळसा घालताना, चेंडू वाचवताना, घसरून, धडक बसून किंवा कॉर्नर किंवा थ्रो-इन घेताना तो रेषेपलीकडे गेला. यात काहीही गुन्हा नाही, आणि परत यायला कोणाची परवानगी लागत नाही. बाहेरून धावत येऊन त्याने गोल मारला, तर फक्त ऑफसाइड तपासायचं.

दुसरा गट, रेफ्रीच्या परवानगीने किंवा सांगण्यावरून गेलेला. दुखापत, रक्तस्राव, खराब झालेलं साहित्य ही कारणं. परत यायला परवानगी हवीच.

तिसरा गट, मुद्दाम आणि न विचारता गेलेला. रागाने चालता झालेला, किंवा समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवायला गोललाइनच्या मागे सरकलेला. हा पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे.

चौथा गट, आता खेळाडूच नसलेला. लाल कार्ड मिळालेला किंवा बदलला गेलेला. बाकावरचा बदली खेळाडू आणि प्रशिक्षकही याच गटात धरा.

बहुतेक वाद पहिला आणि दुसरा गट एक मानल्यामुळे होतात. "बाहेरून आला" एवढंच पाहून शिट्टी मारणारा रेफ्री चांगले गोल रद्द करून टाकतो. उलट उपचाराहून परस्पर घुसलेल्याला "तो तर टीममधलाच आहे" म्हणून सोडणारा रेफ्री चुकीचे गोल देतो.

तपासा: शंका आली तर स्वतःला विचारा, "मी याला बाहेर पाठवलं होतं का?" उत्तर "हो" असेल तर दुसरा गट. कार्डावरचा रकाना इथे कामाला येतो.

## टप्पा ३: परत घेण्याची पद्धत

दुखापत झालेला मैदानी खेळाडू खेळ पुन्हा सुरू झाल्यावरच आत येऊ शकतो. चेंडू खेळात असताना त्याने टचलाइनवरूनच यायचं, गोललाइनवरून नाही. चेंडू थांबलेला असेल तर कुठल्याही सीमारेषेवरून चालतं. रक्त येत असेल तर ते थांबलेलं हवं आणि अंगावर रक्ताचे डाग असलेले कपडे नकोत.

काही जखमींना बाहेर जावंच लागत नाही. गोलकीपर, गोलकीपरला धडकलेला खेळाडू, एकमेकांवर आदळलेले एकाच संघाचे दोघे, गंभीर दुखापत झालेला, आणि पेनल्टी स्वतः मारणार असलेला जखमी यांच्यावर मैदानातच उपचार करता येतात. ज्या फाउलसाठी समोरच्याला कार्ड मिळालं, त्यात लागलेल्यालाही उपचार पटकन उरकत असतील तर आत राहता येतं.

साहित्य नीट करायला गेलेल्याचं साहित्य आधी एखाद्या सामना-अधिकाऱ्याने तपासायचं, मग रेफ्रीने हात करायचा. ही परवानगी खेळ चालू असतानाही देता येते.

बदली खेळाडू खेळ थांबलेला असताना, आधीचा बाहेर पडल्यावर, रेफ्रीच्या खुणेनंतर, मध्यरेषेवरून आत येतो. बाहेर जाणारा मात्र त्याला जवळ पडेल त्या सीमारेषेवरून जातो. बदली खेळाडूने मैदानात पाऊल टाकलं की बदल पूर्ण होतो. म्हणून कॉर्नर फ्लॅगजवळ शरीर गरम करत असलेल्या बदली खेळाडूने तिथूनच परस्पर कॉर्नर घेणं चालत नाही. आधी मध्यरेषेवरून आत, मग कॉर्नर.

परवानगीशिवाय आत आला तर? त्याने खेळात ढवळाढवळ केली नसेल, तर लगेच शिट्टी मारायची गरज नाही. विरोधकांना फायदा मिळत असेल तर खेळ चालू द्या, पिवळं कार्ड नंतर दाखवा. पण खेळ थांबवलात, तर पुढचं असं: ढवळाढवळ झाली असल्यास त्या जागेवरून डायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल मारता येतो), नसल्यास चेंडू होता तिथून इनडायरेक्ट (जिच्यावर थेट गोल होत नाही).

सावधान: बूट निघून पडला तर खेळाडूला त्याच क्षणी थांबावं लागत नाही. अपघाताने निघालेला बूट किंवा शिन गार्ड त्याने शक्य तितक्या लवकर घालायचा, चेंडू पुढच्या वेळी बाहेर जाईपर्यंत तरी नक्की. तोवर त्याने मोज्याने गोल मारला तरी गोल द्यायचा. हा गोल रद्द केलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

## टप्पा ४: बाहेर पडलेला बचावपटू आणि ऑफसाइड

ऑफसाइडसाठी शेवटून दुसरा विरोधी खेळाडू मोजतात. गोललाइनच्या मागे पडलेला बचावपटू यात धरायचा का?

परवानगीशिवाय बाहेर असेल तर धरायचा. तो घसरून गेला असो, धडक बसून पडला असो वा मुद्दाम सरकला असो, ऑफसाइडपुरता तो गोललाइनवर (किंवा टचलाइनवर) उभा आहे असं मानतात. खेळ थांबेपर्यंत, किंवा त्याच्या संघाने चेंडू मध्यरेषेच्या दिशेने खेळून तो आपल्या पेनल्टी एरियाबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) काढेपर्यंत हे लागू राहतं.

९ जून २००८ रोजी बर्नमध्ये झालेला युरो स्पर्धेतला नेदरलँड्स–इटली सामना आठवा. इटलीचा पानुच्ची आपल्याच गोलकीपरशी धडकून गोललाइनच्या मागे पडला होता. नेदरलँड्सच्या व्हान निस्टलरॉयने चेंडू जाळ्यात ढकलला तेव्हा त्याच्यापुढे मैदानात फक्त गोलकीपर बुफॉन दिसत होता. जगभर ऑफसाइडचा ओरडा झाला, पण स्वीडिश रेफ्री फ्रॉयडफेल्ट यांनी गोल दिला आणि तो बरोबर होता. पानुच्ची गोललाइनवर मोजला गेला, त्यामुळे बचावातले दोघे पूर्ण झाले. असं मोजलं नसतं, तर प्रत्येक बचावपटूने संकटात एक पाऊल मागे टाकून ऑफसाइड मिळवला असता.

मुद्दाम मागे सरकलेल्याला पिवळं कार्ड द्यायचं, पण चेंडू पुढच्या वेळी थांबल्यावर. तिथल्या तिथे शिट्टी मारली तर हल्ला तुम्हीच मोडाल आणि त्याची लबाडी सफल होईल.

परवानगीने बाहेर असलेला मात्र मोजायचा नाही. टचलाइनबाहेर पायाला पट्टी बांधून घेत बसलेल्या बचावपटूमुळे कोणी ऑनसाइड होत नाही.

तपासा: असिस्टंट रेफ्रीला आधीच सांगून ठेवा: गोललाइनमागे कोणी पडलेला दिसला की झेंडा वर करण्याआधी त्याला रेषेवर उभा कल्पून पुन्हा मोज.

## टप्पा ५: बाहेर गेलेला आक्रमक

आक्रमक खेळाडूला नियम थोडी सूट देतो. आपण खेळात नाही हे दाखवायला तो मैदानाबाहेर पाऊल टाकू शकतो, तिथे थांबूही शकतो. पण गोललाइनवरून परत येऊन तो खेळात भाग घेऊ लागला, आणि मधल्या काळात खेळ थांबलेला नसेल किंवा बचाव करणाऱ्यांनी चेंडू मध्यरेषेकडे खेळून पेनल्टी एरियाबाहेर काढलेला नसेल, तर ऑफसाइडसाठी तो गोललाइनवर उभा होता असं धरतात. मुद्दाम बाहेर जाऊन, न विचारता परतून त्याने फायदा उठवला आणि तो ऑफसाइडमध्ये सापडला नाही, तर पिवळं कार्ड.

यातली रोजची चूक म्हणजे छोटा कॉर्नर. कॉर्नर घेणारा चेंडू जवळच्या साथीदाराला देतो, स्वतः गोललाइनपाशी रेंगाळतो आणि साथीदाराचा परतीचा पास घेतो. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण हा चेंडू कॉर्नरवरून आलेला नाही, साथीदाराकडून आला आहे. तो दिला गेला त्या क्षणी कॉर्नर घेणारा चेंडूपेक्षा आणि शेवटून दुसऱ्या विरोधकापेक्षा गोललाइनच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड. त्याच्या क्रॉसवर कितीही देखणा हेडर पडला तरी गोल नाही.

दुसरा प्रसंग. आक्रमक वेगात थेट जाळ्यात गेला आणि दोन खांबांमध्ये, गोलच्या आत स्तब्ध उभा राहिला. तेवढ्यात साथीदाराचा फटका आत आला. गोल द्यायचा, जर त्याने ऑफसाइडचा किंवा फाउलचा गुन्हा केला नसेल. गोलकीपरची नजर अडवली किंवा त्याला हालचाल करू दिली नाही, तर तो नुसता उभा आहे असं म्हणता येणार नाही.

आणि बचावपटूने त्याला रेषेबाहेर धरून ठेवलं तर? चेंडू खेळात असताना सीमेबाहेर झालेल्या फाउलची फ्री किक जवळच्या सीमारेषेवर मिळते. ती जागा गुन्हा करणाऱ्याच्या पेनल्टी एरियात येत असेल आणि गुन्हा डायरेक्ट फ्री किकचा असेल, तर पेनल्टी. जाळ्यात ओढून धरलं म्हणून सुटका नाही.

## टप्पा ६: गोल झाला, किक-ऑफ व्हायचा आहे

या अर्ध्या मिनिटात डोकी मोजायची सवय लावून घ्या. किक-ऑफ झाला की दार बंद. त्यानंतर बारावा, म्हणजे आत असायला नको असलेला जादा माणूस होता हे कळलं तरी गोल रद्द करता येत नाही. तो अजून आत असेल तर खेळ थांबवून त्याला बाहेर काढायचं आणि घटनेचा अहवाल द्यायचा.

किक-ऑफच्या आधी कळलं तर तो जादा माणूस कोणाचा, हे पाहा.

- गोल करणाऱ्या संघाचा असेल आणि त्याने खेळात ढवळाढवळ केली असेल: गोल रद्द, त्याच्या जागेवरून विरोधकांना डायरेक्ट फ्री किक. परवानगीशिवाय परतलेल्या खेळाडूने स्वतः मारलेला गोल यातच येतो.
- गोल खाल्लेल्या संघाचा असेल: गोल कायम. स्वतःच्या चुकीचा फायदा मिळत नाही.
- दोन्ही संघांबाहेरचा कोणी (उदा. प्रेक्षक) असेल: त्याने ढवळाढवळ केली नसेल तर गोल. केली असेल तर बहुधा ड्रॉप बॉल.

"ढवळाढवळ केली असेल" हे शब्द नीट वाचा. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात मेस्सीचा जादा वेळेतला गोल होताना अर्जेंटिनाच्या बाकावरचे काही जण उड्या मारत रेषेच्या आत आले होते, आणि तेव्हाच्या नियमाच्या शब्दांवरून बरीच चर्चा रंगली. २०२३–२४ च्या आवृत्तीपासून जादा माणसाचा खेळावर परिणाम झाला का, हे पाहणं स्पष्ट झालं. पन्नास मीटरवर आनंदाने आत आलेल्या राखीव गोलकीपरपायी गोल रद्द करू नका.

बाहेरच्या माणसाबाबत एक अपवाद आहे. चेंडू गोलकडे चालला आहे, गोलमागचा प्रेक्षक धावत येऊन पाय घालतो, चेंडूला लागतोही, पण चेंडू आत जातो. बचावपटूला चेंडू खेळण्यापासून त्याने अडवलं नसेल, तर गोल द्या. त्याने चेंडू अडवला, तर मात्र "गेलाच असता" म्हणून गोल देता येत नाही. चेंडू पेनल्टी एरियात असताना खेळ थांबला तर ड्रॉप बॉल गोलकीपरला मिळतो. कठोर वाटतं, पण नियम तसाच आहे. हाच उद्योग गोल वाचवणाऱ्या संघाच्या बदली खेळाडूने केला, तर हिशेब वेगळा: डायरेक्ट फ्री किक किंवा पेनल्टी, आणि नक्की गोल अडवला म्हणून लाल कार्ड.

सावधान: जादा माणूस कोणीही असो, गोल दिला वा न दिला, त्याला बाहेर काढल्याशिवाय खेळ सुरू करू नका.

## टप्पा ७: जल्लोष

गोलनंतर आनंदात मैदानाबाहेर धावणं हा गुन्हा नाही. लवकर परतावं एवढीच अपेक्षा. कार्ड मिळतं ते जर्सी काढल्याबद्दल, ती डोक्यावर ओढल्याबद्दल, मुखवटा घातल्याबद्दल, कुंपणावर चढल्याबद्दल किंवा विरोधकांना डिवचल्याबद्दल. गोल पुढे रद्द झाला तरी हे कार्ड राहतं.

"ते सगळे बाहेर नाचतायत, पटकन किक-ऑफ घ्या" हा सल्ला बाकावरून हमखास येतो. किक-ऑफला रेफ्रीची खूण लागते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही.

## खेळाडू कमी पडले तर

एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही, पुढे चालूही ठेवता येत नाही. पण सातवा माणूस मुद्दाम बाहेर निघून गेला आणि त्या वेळी विरोधक गोलच्या तोंडाशी आहेत, तर लगेच शिट्टी मारायचं बंधन तुमच्यावर नाही. हल्ला पूर्ण होऊ द्या. गोल झाला तर तो मोजला जातो. चेंडू थांबल्यावर मात्र सात जण भरल्याशिवाय खेळ पुन्हा सुरू करायचा नाही.

## अहवालात काय लिहावं

नंबर, मिनिट, कारण आणि परवानगी या चार गोष्टी लिहा. "खेळाडू बाहेरून आला, गोल रद्द" असं लिहिलंत तर स्पर्धा समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "९ नंबर ६१ व्या मिनिटाला रक्तस्रावामुळे बाहेर. ६४ व्या मिनिटाला परवानगीशिवाय टचलाइनवरून आत, त्याच हल्ल्यात गोल. किक-ऑफच्या आधी लक्षात आलं. गोल रद्द, पिवळं कार्ड, डायरेक्ट फ्री किक." हे सामना संपल्या संपल्या, कपडे बदलायच्या आत लिहून काढा.